कस्टम रिझोल्यूशन बसत नसेल तर आधी बघा, नाही म्हणतंय कोण

नमस्कार बाब, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात परत मांडतो. डिचोलीत फ्लेक्स आणि लग्नपत्रिका डिझाइनचं काम, पीसी जुना थर्ड जनरेशन आय फाइव्ह, एच ६१ बोर्ड, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. नवीन २७ इंची २५६० बाय १४४० चा मॉनिटर एचडीएमआयने जोडला तर यादीत १९२० बाय १०८० च्या वर काहीच येत नाही. इंटेलच्या पॅनेलमध्ये जाऊन १४४० हाताने टाकलं (यादीत नसलेलं असं टाकतात तेच कस्टम रिझोल्यूशन) तर बँडविड्थपेक्षा जास्त आहे असा मेसेज येतो, मग कोणीतरी सांगितलं म्हणून २०४८ बाय ११५२ टाकलं, ते लागलं पण अक्षरं पुसट. आणि दुसरं, मुलाच्या पीसीवर २४ इंची मॉनिटर ७५ हर्ट्झ (सेकंदाला ७५ वेळा चित्र) करायला गेला तर आउट ऑफ रेंज, आणि आता रिस्टार्ट केलं तरी स्क्रीन काळी.

दुकानदाराने मॉनिटर परत घेतो म्हटलंय असं लिहिलंय तुम्ही. परत देऊ नका. मॉनिटर चांगला आहे, बोर्डही बिघडलेला नाही.

आधी तुमच्या पीसीचं सांगतो. सेकंड आणि थर्ड जनरेशनच्या इंटेल ग्राफिक्सचं एचडीएमआय आउटपुट जास्तीत जास्त २२५ मेगाहर्ट्झ पिक्सेल क्लॉकपर्यंत जातं, म्हणजे केबलमधून सेकंदाला साडेबावीस कोटी ठिपके. २५६० बाय १४४० ला ६० हर्ट्झवर, रिकामी जागा (ब्लँकिंग, खाली सांगतो) कमी ठेवायची नेहमीची पद्धत धरूनसुद्धा, २४१.५ लागतात. म्हणून ड्रायव्हर नाही म्हणतो आणि तो खरं तेच सांगतोय. बोर्डाच्या पुस्तिकेत बघा, एच ६१ वाल्या बहुतेक बोर्डांवर एचडीएमआयसमोर १९२० बाय १२०० असंच छापलेलं असतं. पण त्याचा अर्थ १४४० कधीच मिळणार नाही असा नाही. ६० चा हट्ट सोडून ५५ हर्ट्झ टाका, क्लॉक येतो साधारण २२१, म्हणजे २२५ च्या आत. तुमचं काम कोरल आणि फोटोशॉपमधलं आहे, तिथे ५५ आणि ६० मधला फरक डोळ्याला कळत नाही, पण १०८० आणि १४४० मधला फरक दिवसभर कळतो.

हा हिशोब कसा येतो ते सांगतो कारण हा एक हिशोब जमला की कस्टम रिझोल्यूशनमधलं निम्मं कोडं सुटतं, आणि नेमकं हेच कोणी व्हिडिओत सांगत नाही, सगळे फक्त आकडे टाका आणि ओके करा एवढंच सांगतात. स्क्रीनवर दिसतात २५६० बाय १४४० ठिपके, पण केबलमधून जातात त्यापेक्षा जास्त. प्रत्येक ओळीच्या शेवटी आणि प्रत्येक फ्रेमच्या शेवटी काही जागा रिकामी जाते, तिला ब्लँकिंग म्हणतात. जुन्या काचेच्या मॉनिटरमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत परत डावीकडे नि परत वर यायला वेळ लागायचा, त्यासाठी ती जागा मोठी ठेवायचे. एलसीडीला एवढी गरज नाही, म्हणून रिड्यूस्ड ब्लँकिंग आलं. टायमिंग काढायची ठरलेली पद्धत ती सीव्हीटी, आणि तिचा हा कमी ब्लँकिंगचा प्रकार म्हणजे सीव्हीटी-आरबी. त्यात आडवी रिकामी जागा नेहमी १६० ठिपक्यांची. म्हणजे आडवी टोटल २५६० अधिक १६०, २७२०. उभी टोटल, म्हणजे १४४० अधिक रिकाम्या ओळी, ५५ हर्ट्झवर १४७८ येते. २७२० गुणिले १४७८ गुणिले ५५, म्हणजे साधारण २२ कोटी ११ लाख, तेच २२१ मेगाहर्ट्झ.

आता हेच १४४० चं रिझोल्यूशन ६० हर्ट्झवर साध्या सीव्हीटीने काढलं तर क्लॉक जातो ३१२ वर. रिझोल्यूशन तेच, हर्ट्झ तेच, फक्त टायमिंगच्या खान्यात सीव्हीटी राहिलं आणि सीव्हीटी-आरबी निवडलं नाही, एवढ्याने ७० मेगाहर्ट्झचा फरक पडतो. फेरीबोटीवर मावतात तेवढ्याच गाड्या चढतात, इथे तुम्ही बोटीचा बराच भाग रिकाम्या गाड्यांनीच भरता. त्यामुळे तो खाना बघितल्याशिवाय कोणीही माझ्याकडे हे रिझोल्यूशन चालत नाही असं ठरवू नये.

तर करायचं काय. इंटेलचं ग्राफिक्स कंट्रोल पॅनेल उघडा, डिस्प्लेमध्ये कस्टम रिझोल्यूशन्स. वरती मॉनिटर बरोबर निवडलाय ना ते बघा, दोन जोडले असतील तर हमखास चुकीचा निवडलेला असतो. विड्थ २५६०, हाइट १४४०, रिफ्रेश रेट ५५, कलर ३२ बिट, टायमिंग सीव्हीटी-आरबी. ॲड करा, इशारा येईल त्याला हो म्हणा, मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन यादीतून ते निवडा. यादीत दिसलं नाही तर ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमधून अडॅप्टर प्रॉपर्टीजमध्ये जा, तिथे लिस्ट ऑल मोड्स नावाचं बटण आहे, त्यात शोधा. निवडल्यावर विंडोज १५ सेकंद थांबतं, तुम्ही काही दाबलं नाही तर आपोआप जुन्यावर येतं, त्यामुळे स्क्रीन काळी झाली तर घाबरून पॉवर बटण दाबू नका, नुसतं थांबा.

एक गोष्ट मात्र हे करण्याआधी. मॉनिटरच्या पुस्तिकेत व्हर्टिकल फ्रिक्वेन्सीची रेंज दिलेली असते ती वाचा. तिथे ४८ ते ७५ किंवा ५० ते ७५ असं असेल तर ५५ निर्धास्त टाका. कमीत कमी ५६ लिहिलं असेल तर ५६ वर नेहमीच्या पद्धतीने क्लॉक २२५ च्या किंचित वर जातो, तेव्हा टायमिंग हाताने भरता येत असेल तर उभी टोटल १४७९ ऐवजी १४७० करा. २७२० गुणिले १४७० गुणिले ५६ म्हणजे २२३.९, बसतं. मॉनिटर ५० घेत असेल आणि ५५ ला मधूनच चमक किंवा ठिपके उडताना दिसत असतील तर ५० करून बघा, क्लॉक २०० वर येतो, केबल हलकी असली तरी चालून जातं.

२०४८ बाय ११५२ पुसट का दिसलं ते आता लक्षात आलं असेल. त्याचा क्लॉक फक्त १५७ च्या आसपास, म्हणून ग्राफिक्सने घेतलं, पण मॉनिटरच्या काचेत ठिपके २५६० च आहेत, मग २०४८ ठिपके २५६० मध्ये पसरताना प्रत्येक अक्षराची कड दोन ठिपक्यांत वाटली जाते. एलसीडीवर कुठलंही रिझोल्यूशन जे पॅनेलचं स्वतःचं नाही ते असंच दिसणार. मराठीत तर जास्तच त्रास, कारण आपल्या जोडाक्षरांत आणि रफारात बारीक रेषा इतक्या असतात की छोट्या टायपातली पत्रिका तपासताना अनुस्वार आहे की नाही तेच कळत नाही, आणि मग छापून आल्यावर गिऱ्हाइक बोलतं. म्हणून तुमच्यासारख्या कामाला माझा आग्रह असतो की हर्ट्झ कमी करा पण रिझोल्यूशन पॅनेलचंच ठेवा.

१४४० लागल्यावर अक्षरं बारीक वाटतील, २७ इंचावर इंचाला साधारण १०९ ठिपके होतात, १०८० ला ते ८२ च्या आसपास होते. तेव्हा परत रिझोल्यूशन खाली आणू नका. विंडोजमध्ये स्केलिंग १२५ टक्के करा. कितीतरी दुकानांत, ऑफिसांत मी बघतो, अक्षर मोठं हवं म्हणून रिझोल्यूशनच उतरवलेलं असतं आणि माणसं वर्षानुवर्षं डोळे ताणून काम करत असतात, हे बघवत नाही.

आता मुलाच्या पीसीचं. त्याचा मॉनिटर १०८० चा आहे आणि तुम्ही पुस्तिकेतलं लिहिलंय ते फार बरं केलंत, हॉरिझॉन्टल ३० ते ८३ किलोहर्ट्झ, व्हर्टिकल ५६ ते ७६ हर्ट्झ. ७६ वाचून कोणालाही वाटणार की ७५ तर आत आहे. पण दोन्ही अटी एकाच वेळी पाळाव्या लागतात. हॉरिझॉन्टल म्हणजे एका सेकंदात किती ओळी, उभी टोटल गुणिले हर्ट्झ. १०८० ला ७५ वर सीव्हीटी-आरबीने उभी टोटल १११९ ओळी, त्या गुणिले ७५ म्हणजे ८३.९ किलोहर्ट्झ. मर्यादा ८३. थोडक्यासाठी बाहेर गेलं आणि मॉनिटरने आउट ऑफ रेंज लिहिलं. ते ७५-७६ असतं १२८० बाय १०२४ सारख्या लहान रिझोल्यूशनसाठी, तिथे ८० किलोहर्ट्झमध्ये काम भागतं. त्याला सांगा ७४ हर्ट्झ टाक, ८३ च्या आत येतं. किंवा ७५ च हवं असेल तर उभी टोटल हाताने ११०५ कर, ८२.९ होतात. काही मॉनिटर एवढं कमी ब्लँकिंग घेतात, काही घेत नाहीत, करून बघितल्याशिवाय सांगता येत नाही. आणि चाललं तरी एक तपासणी करा, काही मॉनिटर ७५ घेतल्याचं दाखवतात आणि मधल्या फ्रेम गाळतात. स्क्रीनवर हलणाऱ्या चौकोनांची टेस्ट लावून मोबाइलने जास्त वेळ शटर उघडं ठेवून फोटो काढला की मधला चौकोन गायब दिसतो. तसं असेल तर ६० वरच परत या, त्या ७५ ला काही अर्थ नाही.

स्क्रीन काळी राहिली ती का, तर त्याने कस्टम रिझोल्यूशन युटिलिटी वापरली, लोक सीआरयू म्हणतात ती. ती उत्तम आहे, पण ती नुसता मोड वाढवत नाही. प्रत्येक मॉनिटरमध्ये स्वतःची माहिती ठेवलेली असते, ईडीआयडी म्हणतात, मूळ भाग १२८ बाइटचा, त्यात मी कोण, मला कुठले टायमिंग चालतात ते सगळं. सीआरयू त्या माहितीची बदललेली प्रत विंडोजच्या रजिस्ट्रीत ठेवते आणि ड्रायव्हर मॉनिटरचं न ऐकता तिचं ऐकतो. मॉनिटरच्या आत काही बदललेलं नाही, दुसऱ्या पीसीला लावून बघा, चालेल. म्हणून जीव भांड्यात पडू द्या, मॉनिटर गेलेला नाही. काचेच्या जुन्या मॉनिटरला चुकीच्या सिंकने इजा होऊ शकायची, आताचे एलसीडी सहसा मेसेज दाखवून गप्प बसतात.

परत यायला रस्ते असे. ड्रायव्हर रिस्टार्ट करायची जी फाइल सीआरयूसोबत येते ती चालवल्यावर १५ सेकंदांत चित्र आलं नाही तर एफ ८ दाबायचं, त्याने बदल तात्पुरते बाजूला ठेवले जातात. ती वेळ आता गेली. तेव्हा दुसरा मॉनिटर किंवा घरातला टीव्ही जोडा, बदल त्या मॉनिटरच्या नावावर आहेत, टीव्हीवर नेहमीसारखं चित्र येईल. मग सीआरयूच्या फोल्डरमधली रिसेट-ऑल फाइल चालवा आणि रिस्टार्ट करा. टीव्ही नसेल तर सेफ मोड, विंडोज चालू होतानाच पॉवर बटण दाबून धरून बंद करायचं, असं दोन-तीनदा केलं की रिकव्हरीचा निळा पडदा येतो, तिथून ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड, स्टार्टअप सेटिंग्ज, रिस्टार्ट, आणि ४ नंबर. ड्राइव्हला बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्हचं कुलूप) असेल तर रिकव्हरी की मागेल, ती आधी हाताशी ठेवा. सेफ मोडमध्ये साधा ड्रायव्हर असतो, चित्र येतं, तिथे रिसेट-ऑल चालवा. आणि पुढच्या वेळी ती फाइल डेस्कटॉपवर ठेवूनच प्रयोग कर म्हणावं. मुलाला रागावू नका, शिकतोय.

तुमच्यासारखी लक्षणं पण कारण वेगळं, अशा केसेस आपल्याकडे खूप येतात, म्हणून तेही सांगून टाकतो. यादीत १०२४ बाय ७६८ च्या वर काही येत नाही आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये मॉनिटरचं नाव जेनेरिक नॉन पीएनपी असं दिसतं, तर समजा की ईडीआयडी पोचतच नाही. तिथे कस्टम रिझोल्यूशन करत बसणं म्हणजे दुखणं सोडून औषध देणं. व्हीजीए केबलमध्ये ती माहिती १२ आणि १५ नंबरच्या पिनांवरून जाते, स्वस्त केबलमध्ये आणि लांब एक्स्टेन्शनमध्ये त्या तारा कधी कधी घातलेल्याच नसतात. आणि आपली हवा, समुद्राकडच्या घरांत, पावसाळ्यात, पिनांवर हिरवट थर धरतो, बाहेरून केबल नवीन दिसते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पिना पुसा, वाळू द्या, केबल बदलून बघा, मग पुढचं. देवळाच्या सभामंडपात किंवा नाटकाला प्रोजेक्टर लावतात तिथे स्टेजपासून शेवटपर्यंत लांब व्हीजीए टाकलेली असते, तिथे तर हा पहिला संशय. आणि स्प्लिटर असेल तर तो दोन्हीपैकी एकाचीच माहिती पीसीला देतो किंवा दोघांना चालेल असंच खालचं काहीतरी, म्हणून एकदा स्प्लिटर काढून थेट जोडून बघा.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टरसमोर मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर लिहिलेलं असेल तर ग्राफिक्स ड्रायव्हरच बसलेला नाही, आधी तो टाका. हे तपासायला अर्धा मिनिट लागतं आणि सगळ्यात जास्त वेळा नेमकं हेच निघतं.

अडॅप्टर पण बघून घ्या. डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय असा जो साधा छोटा अडॅप्टर मिळतो तो टाइप १ असेल तर १६५ मेगाहर्ट्झला थांबतो, टाइप २ असेल तर ३०० पर्यंत जातो, पाकिटावर बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं. सिंगल लिंक डीव्हीआय पण १६५. एच ६१ वर डीव्हीआयचं भोक ड्युअल लिंकसारखं दिसलं तरी आतून सिंगलच असतं, म्हणून तुम्ही डीव्हीआय लावून काही मिळणार नाही.

३२ इंची एचडी रेडी टीव्ही मॉनिटर म्हणून लावणारे विचारतात की १३६६ बाय ७६८ का बसत नाही, १३६० किंवा १३६८ च का होतं. कारण १३६६ ला ८ ने भाग जात नाही. ईडीआयडीच्या स्टँडर्ड टायमिंगच्या खान्यात रुंदी ८ च्या पटीतच लिहिता येते आणि सीव्हीटीचा हिशोबही ८ च्या पटीत रुंदी धरतो. १३६० घेऊन समाधान माना, तीन-तीन ठिपके दोन्ही बाजूंना गेले तर काही बिघडत नाही. आणि टीव्हीवर टास्कबार कापला जात असेल तर ते ओव्हरस्कॅन, टीव्हीच्या मेनूत पिक्चर साइझमध्ये जस्ट स्कॅन किंवा स्क्रीन फिट असं काहीतरी असतं ते लावा, कस्टम रिझोल्यूशनला हात लावू नका.

तुमच्यासाठी रंगाचा एक मुद्दा राहिला आणि फ्लेक्सच्या कामात तो महत्त्वाचा. कस्टम मोड लागल्यावर काळा रंग राखाडी वाटला किंवा सगळं धुतल्यासारखं वाटलं तर इंटेलच्या पॅनेलमध्ये क्वांटायझेशन रेंज फुल करा. मॉनिटरच्या मेनूतही एचडीएमआय रेंज असते, दोन्हीकडे फुल हवं. आणि कोणी ४:२:० करून ६० हर्ट्झ मिळव असं सांगितलं तर ऐकू नका. त्याने बँडविड्थ निम्मी होते हे खरं, पण रंगाची माहिती चार ठिपक्यांना मिळून एक अशी जाते, पांढऱ्यावर लाल अक्षर कडेला पसरलेलं दिसतं. सिनेमा बघायला चालेल, पत्रिकेवरचं लाल श्री गणेशाय नमः तपासायला नाही.

लिनक्सवाल्यांसाठी पटकन. एक्स११ सेशनमध्ये असाल तर एक्सरॅंडरने न्यूमोड, ॲडमोड करून हेच होतं. सीव्हीटी कमांड रिड्यूस्ड ब्लँकिंग फक्त ६० च्या पटीत देते, म्हणून ५५ चे आकडे हाताने घाला. क्लॉक २२१.१, आडवे २५६० २६०८ २६४० २७२०, उभे १४४० १४४३ १४४८ १४७८, एचसिंक प्लस, व्हीसिंक मायनस. वेलँड सेशनमध्ये एक्सरॅंडर मोड बदलू शकत नाही, लॉगिनच्या वेळी एक्स११ चा पर्याय असेल तर तो निवडा.

५५ आणि ५० दोन्ही नाहीच लागले, तर मग पैसे खर्च करायचे, पण पूर्ण पीसी बदलायचे नाहीत. डिस्प्लेपोर्ट असलेलं एक छोटं वापरलेलं कार्ड बघा, वेगळी पॉवर केबल न लागणारं, केबिनेट पातळ असेल तर लो प्रोफाइल पट्टी सोबत आहे ना ते विचारून. डिस्प्लेपोर्टने १४४० ला ६० हर्ट्झ सहज मिळतात. म्हापशाला किंवा पणजीला घ्यायला जाल तेव्हा मॉनिटरची डिस्प्लेपोर्ट केबल बॉक्समध्ये आहे का ते आधी बघा, बऱ्याचदा असते. कार्ड लावल्यावर केबल कार्डाच्याच पोर्टला लावा, बोर्डाच्या नको.

चवथीच्या आधी तुमच्याकडे फ्लेक्सची गर्दी सुरू होईल, त्याआधीच एखाद्या रविवारी निवांत करून घ्या. ५५ टाकल्यावर पॅनेल काय म्हणतं आणि मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत इन्फॉर्मेशनमध्ये कुठलं रिझोल्यूशन दिसतं, ते दोन्ही इथे लिहा, विंडोज काय दाखवतं त्यापेक्षा मॉनिटर काय दाखवतो ते मला हवंय.